चौदा माणसं, एक खोली

"केरूकाका इंग्लंडला कधी गेले?"

आई शेंगोळे वाढत होती आणि मी हे विचारलं. प्रश्न माझा नव्हता, ममताचा होता. बुधवारी स्कूल बसच्या मागच्या सीटवर तिने इंटरनेटवरून छापून आणलेला एक कागद माझ्या मांडीवर टाकला होता. "हा तुझा एक्झिबिशनचा फोटो ना? मग विचार तुझ्या काकांना, हा माणूस इंग्लंडला कधी गेला. डेअर यू." बाकीच्या तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी इंटर-स्कूल डिबेटमध्ये पहिली आलेली मुलगी. ट्रॉफी मिळाल्यापासून महिनाभर मी लिफ्टमध्ये वॉचमनलासुद्धा मुद्देसूद उत्तरं देत होते. मी डेअर कशी नाकारणार?

इंग्लंडहून आमच्याकडे राहायला आलेल्या सोमनाथकाकांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, वाटी खाली ठेवली. "कोण, आपला केरू? तो कशाला जाईल इंग्लंडला? तो आत्ता इथे जेवायला येतोय ना?"

"तेच म्हणते मी," असं म्हणून मी तो कागद लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला.

काकांनी चष्मा लावला, कागद बघितला आणि हसले. खरंच हसले, त्यांना लाज वगैरे काही वाटली नाही. "अरे, हे इंटरनेटवर आलं पण? नागेश, बघ, तुझ्या मुलीचा फोटो आमच्या पत्रकावर आहे. मी ओरिजिनल घेऊन आलोय, चांगल्या कागदावरचं." ते उठले, आतल्या खोलीतून गुळगुळीत, रंगीत पत्रक घेऊन आले आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी हात पुसून ते उचललं.

तो फोटो मी दिवाळीत काढला होता. काका तेव्हाही आले होते आणि फराळाचा डबा द्यायला आम्ही सगळे सोनापूरला गेलो होतो. केरूकाका म्हणजे बाबांच्या अकोल्याकडच्या गावातले वर्गमित्र, इथे दुबईत बांधकामांवर शटरिंगचं काम करतात. सोनापूरच्या कामगार कॅम्पात त्यांच्या खोलीत एकावर एक अशा खाटांच्या सात जोड्या, म्हणजे चौदा माणसं. बाबांच्या ऑफिसचा फ्लॉपीवाला कॅमेरा माझ्याकडे होता. केरूकाका खालच्या खाटेवर बसले होते. मी क्लिक करणार तेवढ्यात त्यांनी डब्यातली पहिली करंजी माझ्यापुढे धरली, "घे बाई, आधी तू." तो हात, ती करंजी आणि मागे सगळ्या खाटांवरून वाकून बघणारी माणसं. शाळेच्या प्रदर्शनात मी त्याखाली लिहिलं होतं, 'चौदा माणसं, एक खोली.' मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काका फोनवर म्हणाले, मला ईमेल कर हा, फार छान आहे. मी त्याच दिवशी केला. शीर्षकासकट.

पत्रकावर माझंच शीर्षक होतं, इंग्रजीत, लाल अक्षरांत. त्याखाली: 'तुमच्या रस्त्यावर पुढे कोण? आमच्या लोकांना आधी घर.' आणि काकांचा टाय लावलेला फोटो. येत्या मे महिन्यात त्यांच्या यॉर्कशायरमधल्या गावात कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, निवडणूक होती आणि बावीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले आमचे काका रेसिडेंट्स अलायन्स नावाच्या स्थानिक पक्षाचे उमेदवार होते. हे सगळं आम्हाला माहीत होतं. बाबांनी ऑफिसात पेढेसुद्धा वाटले होते.

"दादा," बाबा हळूच म्हणाले, "हे सोनापूर आहे."

"मग? मी कुठे लिहिलंय की हे यॉर्कशायर आहे? वाच ना. लिहिलंय का?"

बाबांनी वाचलं. नव्हतं लिहिलेलं.

"पण काका, बघणाऱ्याला तसंच वाटणार," मी म्हणाले.

"वाटू दे. खोटं काय आहे त्यात? आमच्याकडे असायलम, म्हणजे आसरा, मागणारे परदेशी येतात, लंडनवाले त्यांना आमच्याच गावात पाठवतात, कारण आमच्या गिरण्या बंद आणि घरं स्वस्त. आमची लेक सगुणा चार वर्षं कौन्सिलच्या घरांच्या यादीत आहे. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, भिंतीला बुरशी, धाकट्याला दमा. आणि परवा आलेल्या माणसाच्या हातात चावी."

"त्यांना कौन्सिलची घरं देत नाहीत. कुणी घेत नाही अशी रिकामी घरं त्यांना देतात. डिबेटसाठी मी वाचलंय सगळं."

"तू वाचलंयस. मी तिथे राहतो." काकांनी मला दटावलं नाही, हेच वाईट होतं. ते समजावत होते. "बेटा, मी अठ्ठ्याहत्तर साली गेलो तेव्हा आम्हालाही असंच म्हणायचे. एका खोलीत पंधरा-पंधरा जण राहतात म्हणून."

"राहत होतात?"

"नऊ होते," अनुराधाकाकू म्हणाल्या. जेवायला बसल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"बरं, नऊ. मुद्दा तो नाही. गोऱ्या माणसाला मी आणि परवा आलेला कुर्द यांच्यात फरक दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या गावांत दंगली झाल्या तेव्हा माझ्याही गाडीची काच फुटली. मी आज या अलायन्सवाल्यांच्या बाजूने बोललो नाही, तर उद्या त्यांची जागा असे लोक घेतील जे मलाच विचारतील, सोमनाथ, तू कधी निघतोस? मग तुलाही तिथे कोण राहू देणार आहे?"

यावर माझ्याकडे मुद्दा होता. तो मांडायला मी तोंड उघडलं आणि आई म्हणाली, "स्वप्नाली, लिंबू आण."

फ्रिजमध्ये लिंबू नव्हतंच. आईला ते माहीत होतं.

आता आईची बाजू सांगायला हवी, कारण ती स्वतः कधी सांगत नाही. टीव्हीवर काचेच्या मोराखाली एक फॉर्म ठेवला होता. बारावीऐवजी इंग्लंडच्या कॉलेजात दोन वर्षं, पुढे तिथेच युनिव्हर्सिटी, आणि गार्डियन म्हणून काकांची सही. काकांकडची वरची खोली मला मिळणार होती. आई चौदा वर्षं या देशात आहे आणि दर तीन वर्षांनी मेडिकलच्या रांगेत उभी राहून पासपोर्टवर व्हिसाचा स्टँप घेते. स्टँप बाबांच्या नोकरीवर, नोकरी कंपनीच्या मर्जीवर. मागच्या जूनमध्ये शेजारच्या फ्लॅटमधल्या लियाकतअंकलची नोकरी गेली आणि तीस दिवसांत त्या घरातले पडदेसुद्धा गेले. त्या पडद्यांकडे बघून आईने ठरवलं होतं, माझी मुलगी अशा ठिकाणी राहील जिथून तिला कुणी जा म्हणणार नाही. ती सही शुक्रवारी, जेवण झाल्यावर, काकांचं पोट भरल्यावर घ्यायची असा तिचा बेत होता. शेंगोळे त्यासाठीच होते. कुळथाचं पीठ तिने अकोल्याहून मागवलं होतं.

"भाऊजी, पोरगी लहान आहे," आई म्हणाली. "डिबेटचं वारं शिरलंय. मनावर घेऊ नका."

"छे, मला आवडतं. आमच्याकडे अशीच पाहिजे."

मला त्या 'आमच्याकडे'चा राग यायला हवा होता. मला बरं वाटलं.

काकू ताटं घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मी मुद्दाम भांडी आपटत होते. त्यांनी नळ जोरात सोडला आणि तो वाहत असतानाच म्हणाल्या, "आमच्या रस्त्यावर एकोणीस नंबरला आहेत ते लोक. पत्रकं वाटली त्याच्या दोन दिवसांनी कुणीतरी त्यांच्या दाराच्या टपालफटीतून पेटती चिंधी आत टाकली."

मी वाटी ओट्यावर ठेवली. "कुणी मेलं?"

"नाही गं. पायपुसणं जळालं, दार काळं झालं. रस्त्यात उभे होते ते, अंगावर ब्लँकेटं घेऊन. चार जण. चारच राहतात त्या घरात, स्वप्नाली. एक तर इराणचा दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ बघून त्याने सांगितलं होतं, ही काढू नका, वाचेल."

"तुम्ही गेलात त्यांच्याकडे?"

काकूंनी नळ बंद केला. "वरच्या खोलीतून बघत होते. जी तुला देणार आहोत ना, तिच्या खिडकीतून रस्ता सगळा दिसतो." पदराने हात पुसून त्या पुढे म्हणाल्या, "ह्यांना वाटतं शॉर्टसर्किट झालं. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. सही होऊन जाऊ दे तुझी."

मी काकूंकडे कायम दुबळी बाई म्हणून बघत आले होते. त्या क्षणी मला कळलं की त्या मला त्यांच्याकडे असलेली एकमेव गोष्ट देत होत्या: गप्प बसायची पद्धत.

बेल वाजली. केरूकाका आले होते.

शुक्रवारची ठेवणीतली निळी पँट, तेल लावून बसवलेले केस, हातात एक मोठं कलिंगड. सोनापूरहून दोन बस बदलून, उरलेलं चालत आले होते. "सोमादादा," म्हणून ते वाकायला लागले तर काकांनी त्यांना वरच्यावर धरून मिठी मारली. खोटी मिठी नव्हती ती. लहानपणी तिघं एकाच ओढ्यात डुंबायचे. "केरू, अरे वाळलास किती."

"हितलं ऊन इस्त्री करतं माणसाला. तुम्ही मात्र गोरंच झाला की. नागू, ह्यांना सावलीत ठेव, पाघळायचे."

सगळे हसले. केरूकाका आले की आमच्या घरात बाबांचा 'नागू' होतो आणि बाबांचे खांदे खाली येतात. आईने त्यांना ताट वाढलं. ते चार शेंगोळे खाऊन थांबले, म्हणाले, "वहिनी, ही माझ्या आयची चव हाय," आणि मग मान खाली घालून ताट पुसून जेवले.

पत्रक कुणीच आवरून ठेवलं नव्हतं. ते बाबांच्या पाण्याच्या तांब्याखाली होतं. केरूकाकांनी पाण्यासाठी तांब्या उचलला.

"ह्यो मीच की."

बाबा म्हणाले, "अरे, ते असंच..."

"नाय नाय, मीच हाय. ह्यो बघ भिवा, ह्यो बिहारचा गुप्ता, ही माझी खाट." त्यांनी पत्रक दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "ह्यो कागद कुठला?"

"इंग्लंडचा," काका म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "माझ्या निवडणुकीचा."

"म्हंजे मी विलायतेत छापून आलो?"

आईने त्यांच्या ताटात आणखी शेंगोळे वाढले.

केरूकाका हसत सुटले. चौदा वर्षं झाली गाव सोडून, पंचायतीच्या बोर्डावर कधी नाव लागलं नाही आणि थेट विलायत. हसता हसता ते एकदम थांबले आणि फोटोवर बोट ठेवलं. "आन् करंजी कुठं गेली?"

मीही तेव्हाच नीट बघितलं. कागदाच्या कडेला फोटो कापला होता. करंजी नव्हती. फक्त केरूकाकांचा हात होता, पुढे केलेला, बोटांशी तुटलेला. काहीतरी मागणारा.

"कागद पुरला नसेल," काका म्हणाले. "छपाईवाले कापतात."

"हां, कापत्यात. आन् हे तांबडं काय लिव्हलंय?"

बाबांनी काकांकडे बघितलं. हे बाबांच्या बाजूने सांगायचं तर असं आहे: आजोबा गेले तेव्हा बाबा अकरा वर्षांचे होते. काकांनी स्वतःचं कॉलेज सोडलं आणि बाबांना पॉलिटेक्निकपर्यंत नेलं. त्यामुळे दादा चुकला हे वाक्य बाबांच्या तोंडात तयार होतं, पण दातांच्या अलीकडेच विरतं. मी हे तीन-चारदा पाहिलंय. त्या दिवशीही त्यांचे ओठ हलले आणि ते म्हणाले, "माझा चष्मा आत आहे."

चष्मा त्यांच्या खिशात होता.

"मग तू वाच, बाई," केरूकाकांनी पत्रक माझ्याकडे दिलं. "तुला तर बक्षीस हाय इंग्रजीचं."

मी उभी राहिले. सवयच झालीय, वाचायचं म्हटलं की उभी राहते. आई टीव्हीवरच्या मोराकडे बघत होती. काकू दारात होत्या. काका माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, उत्सुकतेने, परीक्षक बघतात तसे. ममताने दिलेली डेअर मी पुरी केली होती, ती सोपी होती. इथे मला कुणी डेअर दिली नव्हती. नुसतं एक वाक्य मराठीत सांगायचं होतं, आणि माझ्याकडे सगळे शब्द होते.

"लिहिलंय," मी म्हणाले, "मेहनती माणसं. एका खोलीत मिळूनमिसळून राहतात."

"बास? एवढं लांबलचक?"

"आणि... अशा माणसांना घर मिळालं पाहिजे."

"खरं हाय," केरूकाका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "सोमादादा, तुम्ही आठवण ठेवली आमची."

काकांनी मान खाली घातली. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं. "अपर्णा, तो फॉर्म कुठे आहे? आण, विसरायच्या आत करून टाकतो."

आईने मोर उचलला. काकांनी तांब्या सरकवून जागा केली आणि तीन ठिकाणी सह्या केल्या, सावकाश, इंग्लिश पद्धतीच्या, शेवटी शेपूट असलेल्या. सही वाळावी म्हणून आईने फॉर्मवर फुंकर घातली. तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मी ते कशाच्या बदल्यात दिलं होतं ते त्या खोलीतल्या पाच माणसांना माहीत होतं. सहाव्याला फक्त माहीत नव्हतं.

साडेतीनला केरूकाका निघाले. पत्रक त्यांनी मागून घेतलं, घडी पडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलं. "गावाला धाडतो. शाळेत लावतील. त्याच्या आधी रूमवर हारुनला दावतो. ह्यो भिवाच्या वरच्या खाटेवरचा, हैदराबादचा, बारावी शिकलाय. त्याच्याकडनं सगळं परत वाचून घेतो. एकदा ऐकून भागत नाय."

बाबा त्यांना बस स्टॉपवर सोडून आले. काका आत जाऊन झोपले. काकू त्यांच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, जाग्या. खाली पार्किंगमधून गाड्यांचे हॉर्न येत होते, शुक्रवारी सगळी दुबई आमच्याच रस्त्याने घरी जाते. आई फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालत होती.

मी बाल्कनीच्या दारापाशी उभी राहून हिशेब करत होते. दोन बस, मग पायी. सव्वापाच, फार तर साडेपाच. हारुन रूमवर असेल. शुक्रवार आहे. तो चांगला माणूस असेल, शब्दन् शब्द नीट सांगेल. केरूकाका म्हणतील, नाही रे, असं नाही, नागूच्या पोरीने वाचलंय, तिला बक्षीस आहे. मग तो पुन्हा वाचेल. बाकीचे बारा जण खाटांवरून वाकून ऐकतील.

"बाबा," मी म्हणाले, "आपल्याला सोनापूरला जायचंय. आत्ता."

"कशाला?"

"तुम्हाला माहितीय कशाला."

बाबा सोफ्यावर बसले. "स्वप्ना, झालं गेलं. त्याला आनंद झाला ना? काय बिघडलं?"

"एकोणीस नंबरचं दार जळालं, बाबा. काकूंना विचारा. त्या कागदानंतर दोन दिवसांनी."

आतल्या खोलीत पलंग करकरला. काकू उठून बसल्या असाव्यात. बाहेर मात्र आल्या नाहीत.

आई उभी राहिली. फोल्डर तिने छातीशी धरला होता. "आधी तुझं बस्तान बसू दे. मग कुणाला काय सांगायचं ते सांग. दोन वर्षं. दोन वर्षांनी तुला वाटेल ते कर, मी अडवणार नाही."

"दोन वर्षं मी त्याच खिडकीत बसणार, आई?"

"अगं पण तुझ्या एकटीच्या गप्प बसण्याने काय जळणारे?" तिचा आवाज फुटला. "आणि बोलण्याने तरी काय विझणारे? ते भाऊजींचं राजकारण आहे. ते तिकडे आहे. आपण कोण त्यातले?"

"फोटो माझा आहे. शब्द माझे आहेत. आणि मराठी भाषांतरसुद्धा आता माझंच आहे."

डिबेटमध्ये अशा वाक्यानंतर टाळ्या पडतात. इथे आईने फोल्डर आणखी घट्ट धरला. मी थांबले नाही.

"मी केरूकाकांना खरं काय लिहिलंय ते सांगणार आहे. हारुनने वाचायच्या आधी पोचलो तर बरं, नाही पोचलो तर नंतर. ते मला शिव्या देतील, देऊ देत. मग त्यांना विचारणार, की करंजीसकट फोटो काकांच्या गावच्या पेपरला पाठवू का, तो कुठे काढला ते लिहून. ते हो म्हणाले तर मी पाठवणार. काका उठले की त्यांनाही सांगणार, तोंडावर." मी आईकडे बघितलं, कारण पुढचं तिच्यासाठी होतं. "आणि आई, ते कॉलेज नको. मी बारावी इथेच करणार. पुढचं मला माहीत नाही. पण काकांच्या घरी मी राहायला जाणार नाही."